तोफांची तोंडं कुणाकडे होती, हे मुलांना सांगणार की नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. थोडी तिखटही आहे, ते आधीच सांगते.

सेमाना सांताची सुट्टी तोंडावर आलीय. म्हणजे पुढचे पंधरा दिवस आपल्या सगळ्यांच्या वॉलवर किल्लेच किल्ले दिसणार. कुणी पेन्यिस्कोलाला जाईल, कुणी अलिकान्तेच्या सांता बार्बारावर, कुणी थेट खाली कादिसला. ज्यांना लांबचा प्रवास नको ते आमच्या बार्सिलोनाच्या मोंजुइकवर चढतील. फोटो छान येतात. मागे निळा समुद्र, पुढे जुनी तोफ आणि तोफेवर आपलं पोर. फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटो काढताना आपण मुलांना जे सांगतो त्याबद्दल.

इतकी वर्षं इथल्या मराठी मंडळींबरोबर फिरतेय. किल्ल्यावर गेलं की आपल्या तोंडी ठरलेली तीन वाक्यं असतात.

पहिलं : "हे काय किल्ले! आपला सिंधुदुर्ग बघ, रायगड बघ."

दुसरं : "बघ किती स्वच्छ ठेवलाय. नाहीतर आपल्याकडे..." (पुढे सुस्कारा.)

तिसरं : "जाऊ दे रे, यांचा इतिहास यांना लखलाभ. आपण पाहुणे."

पहिल्यात अभिमान आहे, दुसऱ्यात न्यूनगंड, तिसऱ्यात शहाणपणाचा आव. पण तिन्ही वाक्यं काम एकच करतात. समोरचा किल्ला न बघता पुढे जायची सोय करून देतात.

मी पेशाने सीए. भारतात आर्टिकलशिप केली, आता इथे एका कंपनीत हिशेब तपासते. आर्टिकलशिपच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी सांगितलं होतं, "ताळेबंद जुळला म्हणून खूश होऊ नकोस, व्हाउचर काढून बघ." तर आज एका किल्ल्याची व्हाउचरं काढूया. मोंजुइकचीच घेते, कारण आपल्यातले बहुतेक जण तिथे जाऊन आलेत आणि बहुतेकांनी फक्त समुद्राकडच्या तोफा पाहिल्यात.

मोंजुइकची टेकडी बार्सिलोनाच्या बंदराच्या अगदी डोक्यावर आहे. एका बाजूला खाली कंटेनरचे ढीग आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला सगळं शहर तळहातावर ठेवल्यासारखं. १६४० साली कॅटलोनियाने माद्रिदच्या राजाविरुद्ध उठाव केला, तेव्हा या टेकडीवर घाईघाईने पहिली तटबंदी उभी राहिली. जानेवारी १६४१ मध्ये राजाचं सैन्य चालून आलं आणि कॅटलान लोकांनी फ्रेंचांच्या मदतीने ते इथूनच परतवलं. म्हणजे सुरुवातीला हा किल्ला शहराच्या बाजूने होता.

मग वारसायुद्ध झालं आणि ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सिलोना पडलं. (आपल्या मुलांना ११ सप्टेंबरला शाळेला सुट्टी असते, ती याच दिवसाची.) जिंकणाऱ्या राजाचा या शहरावर भरवसा नव्हता. त्याने शहराला लागून सियुतादेया नावाचा मोठा किल्ला बांधायला घेतला आणि त्यासाठी ला रिबेरा या वस्तीचा मोठा भाग पाडला. लोकांना स्वतःची घरं स्वतःच्या हाताने पाडावी लागली. आज ज्या सियुतादेया पार्कात आपण वाढदिवसाच्या पार्ट्या करतो, ती जागा ही. पाडलेल्या घरांची जोती बघायची असतील तर जवळच एल बोर्नच्या जुन्या मंडईत जा, काचेच्या कठड्यावरून खाली गल्ल्या आणि खोल्या स्पष्ट दिसतात.

सियुतादेया गेला, मोंजुइक राहिला. आज आपण बघतो तो किल्ला बराचसा १७५१ पासून पुढच्या काही दशकांतला, हुआन मार्तीन सेर्मेन्यो या लष्करी अभियंत्याने नव्याने आखलेला. आणि १८४२ साली या किल्ल्याने काय केलं ते वाचा. त्या नोव्हेंबरात शहरात उठाव झाला. कारणांमध्ये कर होते, आणि इंग्लंडच्या स्वस्त कापडाला दार उघडलं तर इथल्या गिरण्या बसतील ही भीतीही होती. (इंग्लंडचं स्वस्त कापड म्हटल्यावर आपल्याला तरी वेगळं काही समजावून सांगायला नको.) तेव्हा देशाचा कारभार जनरल एस्पार्तेरो बघत होता. ३ डिसेंबर १८४२ ला त्याच्या हुकुमावरून मोंजुइकच्या तोफांनी दिवसभर शहरावर मारा केला. हजाराहून जास्त गोळे पडले, चारशेहून जास्त घरांचं नुकसान झालं, माणसं मेली. वर शहरावरच मोठा दंड बसवला.

आता समुद्राकडच्या तोफेवर बसवलेलं आपलं पोर आठवा. ती तोफ समुद्राकडे बघते. पण या किल्ल्याच्या ज्या माऱ्याची आठवण शहराने जपून ठेवलीय, तो उलट दिशेने झाला होता. आपण मुलांना दाखवली ती बाजू, आणि पाठ फिरवली ती या बाजूकडे.

पुढची नोंद तुरुंगाची. १८९६ साली शहरात एका धार्मिक मिरवणुकीवर बाँब पडला. त्यानंतर शेकडो कामगार आणि अराजकवादी पकडून मोंजुइकमध्ये डांबले, त्यांचे हाल केले, १८९७ मध्ये पाच जणांना मारलं. त्या छळाच्या बातम्यांनी युरोपभर स्पेनचं नाव खराब झालं. १९०९ साली फ्रान्सेस्क फेरेर या माणसाला इथे गोळ्या घातल्या. फेरेर कोण? शाळा काढणारा माणूस. १९०१ साली त्याने बार्सिलोनात 'आधुनिक शाळा' सुरू केली होती. मुलगे आणि मुली एका वर्गात, चर्चची सक्ती नाही, परीक्षा आणि शिक्षा नाहीत. जुलै १९०९ मध्ये शहरात दंगली झाल्या, त्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं, लष्करी न्यायालयापुढे झटपट खटला झाला आणि १३ ऑक्टोबरला मोंजुइकच्या खंदकात सगळं संपलं.

१५ ऑक्टोबर १९४० ला लुईस कोम्पान्स. हा कॅटलोनियाचा निवडून आलेला अध्यक्ष. यादवी युद्धात हरल्यावर फ्रान्समध्ये गेला होता. तिथे जर्मनांनी पकडून फ्रँकोच्या हवाली केला आणि सांता एउलालियाच्या खंदकात त्याला गोळ्या घातल्या. आणि हिशेब पूर्ण सांगायचा तर हेही सांगायला हवं, की युद्धाच्या काळात किल्ला फ्रँकोविरोधी प्रजासत्ताकाच्या ताब्यात होता, तेव्हा त्यांनीही इथे माणसं कोंडली आणि मारली. त्यानंतर अनेक वर्षं लष्करी तुरुंग, मग लष्करी संग्रहालय. किल्ला पूर्णपणे शहराच्या ताब्यात यायला २००७ साल उजाडलं. आता त्याच खंदकातल्या हिरवळीवर उन्हाळ्यात लोक चटया टाकून उघड्यावर सिनेमा बघतात. मला ते वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. पण आपण कुठे बसलोय हे बसणाऱ्याला माहीत असावं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

मागच्या वर्षी आम्ही सहा मराठी कुटुंबं मिळून मोंजुइकवर गेलो होतो. महिन्याचा पहिला रविवार, प्रवेश फुकट, डबे बरोबर. आमच्यातले एक दादा समुद्राकडच्या तोफेजवळ उभे राहून मुलांना सांगत होते, की शत्रूची जहाजं दिसली की इथून कसा धडाका व्हायचा. एक बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, पण इथून शहरावरच गोळे टाकले होते ना? आम्हाला शाळेत सांगितलंय." दादा हसले. "ते सोड गं. तुला आपल्या सिंधुदुर्गाबद्दल काय माहितीये ते सांग." सगळे हसले, मुलगी गप्प झाली. परत येताना बसमध्ये ती माझ्या मुलीला म्हणत होती, "हे घरी बोलायचं नसतं. त्यांना नाही आवडत."

दादा माणूस चांगला आहे, मुलांसाठी धावपळ करणारा आहे. राग माझा त्यांच्यावर नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीवर आहे. कारण त्या मुलीने काय केलं ते माझ्या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळेल. तिने दोन वह्या उघडल्या. एक शाळेसाठी, एक घरासाठी. शाळेच्या वहीत खंदक, फाशी, हुकूमशाही, आजोबांच्या आठवणी. घरच्या वहीत फक्त जयजयकार. ज्या धंद्यात दोन वह्या असतात त्याचं पुढे काय होतं, ते मी खूप जवळून पाहिलंय. एक दिवस मालकालाच कळेनासं होतं की खरी वही कुठली. आपल्या मुलांच्या बाबतीत मला त्याहून मोठी भीती वाटते. सोळा-सतरा वर्षांची झाली की ती घरची वही नुसती बंद करून ठेवतात. मग आपण इथे रडतो, "मुलांना मराठीत रस नाही, इतिहासात रस नाही." रस होता हो. प्रश्नही होता. आपण तो हसण्यावारी नेला.

आता मला जी उत्तरं मिळतात ती एकेक घेते.

"लहान मुलांना असलं काय सांगायचं? घाबरतील." याच मुलांना आपण अफझलखानाचा कोथळा चार वर्षांच्या वयापासून सांगतो, अभिनयासकट. लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं कशी तुटली ते सांगताना आपल्या अंगावर काटा येतो, पोरं टाळ्या वाजवतात. तेव्हा वय आडवं येत नाही. मग १९०९ साली एका शाळेच्या मास्तरला मारलं, हे दहा वर्षांच्या मुलाला का सांगता येत नाही? रक्त कुणाचं यावरून वय ठरवायचं असेल तर ती काळजी मुलांची नाही, आपल्या सोयीची आहे.

"आपण परके. कॅटलान आणि स्पॅनिश भांडणात आपण कशाला पडा?" पडू नका. मीही पडत नाही. स्वतंत्र कॅटलोनिया व्हावा की नाही, यावर मी या ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. पण १८४२ साली गोळे पडले हे मत नाही, झालेली गोष्ट आहे. आणि परके म्हणाल तर जरा हिशेब करू. एप्रिल ते जून आपण सगळे रेंता भरतो, दर महिन्याला पगारातून कापलं जातं ते वेगळं. किल्ला नगरपालिकेचा आहे, म्हणजे त्याच्या डागडुजीत आपल्याही खिशातले चार सेंट आहेत. दहा वर्षं झाली की आपल्यातले कितीतरी जण नागरिकत्वाची परीक्षा देतात. पंचवीस प्रश्न, पंधरा बरोबर आले की पास. त्यासाठी राज्यघटनेची कलमं आणि नद्यांची नावं रात्र रात्र घोकतात. ज्या देशाचा पासपोर्ट घेण्यासाठी आपण आपला पासपोर्ट परत करतो, त्या देशाचा इतिहास "यांचा यांना लखलाभ" कसा? पाहुणा कर भरत नाही आणि मतदानही करत नाही. आपली मुलं तर करणारच आहेत.

आणि हा इतिहास फार जुनाही नाही. फ्रँको गेला नोव्हेंबर १९७५ मध्ये. मुलांच्या वर्गमित्रांचे आजी-आजोबा त्या राजवटीत वाढलेत. कुणाच्या घरी भिंतीवर फोटो आहे, कुणाच्या घरी त्या विषयावर अजून बोलत नाहीत. २०२२ मध्ये इथे लोकशाही स्मृतीचा कायदा झाला, शाळेत हे सगळं शिकवायचं म्हणून. आपलं मूल त्या वर्गात बसतं. त्याला घरी कुणीतरी ऐकणारं हवं.

"पण मग आपल्या किल्ल्यांचा अभिमान सोडायचा का?" अजिबात नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा माझाही डीपी बदलला होता. त्या बारांमध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, चार पाण्याकाठचे आणि पाण्यातले. सिंधुदुर्गाबद्दल मुलांना भरभरून सांगा. १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. समोर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज, सगळे दर्यावर्दी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. त्या किल्ल्याच्या तोफा समुद्राकडे होत्या, बाहेरून येणाऱ्यांवर. मोंजुइकच्या १८४२ च्या तोफा स्वतःच्या शहरावर. बघा, हाच प्रश्न आपल्या किल्ल्याला विचारला तर अभिमानाला कारण मिळतं. "आपला भारी" म्हणून मिळणारा अभिमान आणि "आपला याच्यासाठी बांधला होता" म्हणून मिळणारा अभिमान यांत फरक आहे. दुसरा वर्गात कुणी प्रतिवाद केला तरी टिकतो.

पण मग व्हाउचर सगळीच काढावी लागतात, आपलीसुद्धा. विजयदुर्गाचं काढा. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर हल्ला कुणी केला? समुद्रातून इंग्रजांनी, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी. आणि जमिनीवरून? पेशव्यांच्या फौजेने. तुळाजी आंग्रे डोईजड झाला म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. आंग्र्यांचं आरमार त्या बंदरात जळालं. तुळाजीला पुढचं आयुष्य मराठ्यांच्याच किल्ल्यांवर कैदेत काढावं लागलं. पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, तोच क्लाइव्ह प्लासीला होता. हे आपण मुलांना सांगतो का? मी आत्तापर्यंत एकाही मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलेलं नाही. सांगितलं तर महाराजांचा मान कमी होत नाही. उलट मुलांना कळतं की समुद्र राखणं किती कठीण होतं, आणि घरातल्या भांडणात तो किती सहज हातचा गेला.

आणखी एक गोष्ट. "यांचे किल्ले" आणि "आपले किल्ले" असे दोन डबेच मुळात चुकीचे आहेत. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचं राज्य स्पेनच्या राजाकडे होतं. म्हणजे त्या काळात वसई, चौल आणि गोवा हे सगळं शेवटी ज्याच्या नावाने चालत होतं, तो राजा स्पेनचा. कोर्लई त्यांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. गोव्याचा आग्वाद १६१२ साली बांधून पूर्ण झाला. तेव्हा पुढच्या वेळी आग्वादला जाल तेव्हा मुलांना सांगा, हा बांधला त्या वेळचा राजा आणि आपण आज राहतो त्या देशाचा राजा एकच होता. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, ती याच साखळीतली पुढची कडी.

आणि आग्वादच्या आत कोण होतं तेही सांगा. सालाझारच्या हुकूमशाहीत गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्यांना तिथेच डांबत. काहींना तर जहाजात घालून थेट पोर्तुगालला पाठवलं. टी. बी. कुन्हा यांना लिस्बनच्या उत्तरेला पेनिशच्या समुद्रकिल्ल्यात ठेवलं होतं. मोहन रानडे तर आपले सांगलीचे. गोव्यात मराठी शिकवायला गेलेला तरुण मास्तर, आझाद गोमंतक दलात सामील झाला, १९५५ साली गोळी लागून पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा. लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात त्यांना ठेवलं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. सात वर्षं उशिरा! त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांमध्ये सुधीर फडके होते, हो, आपले बाबूजी.

आता १९०९ चा फेरेर आणि १९५५ चे रानडे शेजारी ठेवून बघा. दोघांचे विचार वेगळे, मार्ग वेगळे, देश वेगळे. पण दोघं शिकवणारे, आणि दोघांना गिळायला समुद्रकाठचा एक जुना किल्ला तयार होता. ज्या मुलाला मोंजुइकचा खंदक समजला, त्याला आग्वादची कोठडी समजावून सांगावी लागत नाही. आणि ज्याला मोंजुइकवर "ते सोड" म्हटलं, त्याला रानड्यांची गोष्ट सांगितली तरी ती फक्त आणखी एक "आपल्याकडची" गोष्ट म्हणून एका कानातून दुसऱ्या कानातून जाईल.

दुसऱ्या वाक्यावरही दोन शब्द. स्वच्छतेवर. किल्ला स्वच्छ आहे याचं कौतुक करा, जरूर करा. पण मुलाला हे कळू दे की स्वच्छता रक्तात नसते, बजेटमध्ये असते. कुणीतरी माळी नेमलाय, कचऱ्याचं कंत्राट दिलंय, परदेशी पर्यटकाकडून तिकीट घेतलंय. हे सगळं नगरपालिकेच्या हिशेबात दिसतं. आणि १९६० पर्यंत हाच किल्ला तुरुंग होता, तेव्हा इथे कुणी फुलझाडं लावायला आलं नव्हतं. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी स्वखर्चाने दोर, फावडी घेऊन गडावर टाकी साफ करायला जाणारी पोरं आहेत. त्यांचं काम सांगा, मग तुलना करा. नुसता सुस्कारा टाकून आपण मुलाला एवढंच शिकवतो की तू ज्या मातीतला आहेस ती घाणेरडी.

मोंजुइकची अजून एक गोष्ट सांगते, ती मला सगळ्यात जवळची, कारण ती हिशेबातल्या फरकाची आहे. १७९२ मध्ये पिएर मेशँ नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ या किल्ल्यावर आला होता. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत पृथ्वी मोजायची आणि त्यावरून मीटर ठरवायचा, हे काम. मोंजुइकवरून ताऱ्यांचे वेध घेऊन त्याने अक्षांश काढला. नंतर युद्ध पेटलं, किल्ला बंद झाला, तेव्हा शहरातल्या एका खानावळीतून पुन्हा मोजमाप केलं. दोन आकड्यांत किंचित फरक आला. काही सेकंदांचा, म्हणजे कोनाच्या सेकंदांचा. मेशँने तो फरक लपवला. जगाला मीटर मिळाला, मानमरातब मिळाला, पण तो माणूस त्या फरकाने आयुष्यभर पोखरला गेला. १८०४ मध्ये तो वारल्यावर त्याच्या सहकाऱ्याने, देलांब्रने, वह्या उघडल्या तेव्हा सगळं बाहेर आलं. गंमत म्हणजे मेशँचं काम उत्तमच होतं. फरक दाखवून ठेवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. फरक येणं हा गुन्हा नसतो, हे आम्ही ट्रेनींना पहिल्या दिवशी शिकवतो. मुलांच्या इतिहासातही शाळेच्या आणि घरच्या आकड्यांत फरक येणारच. तो समोर मांडायचा असतो, टेबलावर.

म्हणून या सुट्टीत एवढं करा. कुठल्याही किल्ल्यावर जा, मुलांना पाच प्रश्न द्या आणि उत्तरं त्यांनाच शोधू द्या.

१. हा कुणी बांधला आणि पैसा कुणाकडून आला?
२. बांधण्यासाठी कुणाची घरं, शेतं, जमीन गेली?
३. तोफा कुणाकडे रोखल्या होत्या? सगळ्या काळात तिकडेच?
४. आत कुणाला कोंडलं?
५. आज मालक कोण, आणि पाटीवर काय लिहिलंय, काय गाळलंय?

पाचवा प्रश्न मुलांना फार आवडतो, स्वानुभवाने सांगते. पाट्यांतल्या त्रुटी शोधण्यात ती ऑडिटरपेक्षा तरबेज असतात.

आणि मग उन्हाळ्यात भारतात जाल तेव्हा हेच पाच प्रश्न बरोबर न्या. आपली सुट्टी जुलै-ऑगस्टची. तेव्हा पावसात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. पण विजयदुर्गाला रस्त्याने जाता येतं, आग्वादलाही. आग्वादच्या जुन्या तुरुंगात आता संग्रहालय आहे. आजी-आजोबांना बरोबर घ्या. मुलांनी त्यांना प्रश्न विचारला आणि आजोबा अडखळले तर मध्ये पडू नका, त्यांचं त्यांना बोलू द्या.

मोंजुइकला जाणार असाल तर प्लाझा एस्पान्याहून दीडशे नंबरची बस वरपर्यंत जाते. पाणी बरोबर ठेवा, ऊन लागतं. तोफेवर फोटो काढा, मी अडवणार नाही. पण त्यानंतर शहराच्या बाजूच्या तटावर या, मुलाला आपलं घर कुठे आहे ते शोधायला सांगा. ते सापडलं की १८४२ सांगा.

कमेंटमध्ये भांडायला जरूर या, मी आहे. फक्त एक अट. नुसतं "आपले किल्ले भारी" लिहायचं नाही. किल्ल्याचं नाव लिहा, आणि त्याच्या तोफा कुणाकडे होत्या ते लिहा.